माळव्याच्या काळ्या मातीत ठेंगण्या शेळ्या : एका एकरात पाळायच्या तर

इंदूरहून महू, सिमरोल, देपालपूर किंवा सांवेरच्या बाजूला एखादा एकर जमीन राखून असलेली मराठी कुटुंबे बरीच आहेत. कुणाची ती वडिलोपार्जित आहे, कुणी ती निवृत्तीच्या पैशातून घेतली आहे, आणि विहिरीला बारमाही पाणी असले की तिथे एखादे जनावर असावे असे घरातल्या कुणाला तरी वाटू लागते. गाय किंवा म्हैस सांभाळणे दोन वेळच्या धारेमुळे आणि चाऱ्याच्या खर्चामुळे अनेकांना झेपत नाही. ठेंगण्या जातीची शेळी मात्र वीस-पंचवीस किलोची असते, घरातील कोणीही तिला धरू शकते, औषध पाजू शकते, आणि चार शेळ्यांचे पोट एका एकराच्या बांधावर आरामात भरते. हा लेख अशाच कुटुंबांसाठी लिहिला आहे. शंभर शेळ्यांचा व्यवसाय हा निराळा विषय आहे आणि त्यात मी शिरणार नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आपल्या भागात शेळ्या दगावतात त्या बहुतेक ओलीमुळे. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांची दुपार शेळी सावलीत बसून काढते आणि दुष्काळी वर्षातही बोरी-बाभळीवर जगते. परंतु आषाढ ते भाद्रपद या तीन महिन्यांत काळ्या मातीचा जो चिखल होतो, त्यात तिची खुरे कुजतात, पोटात जंत वाढतात आणि करडांची छाती भरते. जागा, गोठा, खरेदीची वेळ, बोकड सोडण्याची वेळ यांतला प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर घासून घ्यावा.

आमच्याकडून पहिल्या वर्षी नेमकी हीच चूक झाली. पाऊस पडून सगळीकडे हिरवे झाले, चारा फुकट आहे असे वाटले, आणि आम्ही ऐन आषाढात दोन गाभण शेळ्या आणल्या. गोठा जमिनीवर होता. पंधरा दिवसांत तळाची माती लोण्यासारखी झाली, श्रावणात झालेल्या तीन करडांपैकी दोन न्यूमोनियाने गेली आणि एका शेळीच्या जबड्याखाली पाणी उतरले. ती वाचली, पण तिला पुन्हा अंग धरायला सहा महिने लागले. म्हणून पुढे जो क्रम दिला आहे तो शेळ्या आणण्यापासून सुरू होत नाही.

आधी एक पावसाळा मोकळा जाऊ द्यावा

मृगाच्या पहिल्या पावसानंतर कुंपणाच्या कडेने चाऱ्याची झाडे लावावीत आणि त्या पावसाळ्यात जमिनीवर पाणी कुठे साचते, कुठून वाहते, कोणता कोपरा दोन दिवसांत वाळतो, हे छत्री घेऊन प्रत्यक्ष पाहावे. उन्हाळ्यात सपाट दिसणारे शेत पावसात अगदी वेगळे दिसते. जो उंचवटा सर्वांत आधी वाळेल तोच गोठ्याचा. दसऱ्यानंतर बांधकाम करावे आणि मार्गशीर्षाच्या सुमारास शेळ्या आणाव्यात. त्या वेळी हवा कोरडी असते, बरसीम हा हिवाळी हिरवा चारा तयार होऊ लागलेला असतो, आणि नव्या जनावरांना जागेची सवय व्हायला पुढचा पावसाळा येईपर्यंत सहा महिने मिळतात.

जमीन महापालिकेच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून असेल, तर जनावरे पाळण्याचे नियम आधी विचारून घ्यावेत. ग्रामपंचायतीच्या हद्दीतही शेजारच्या शेतकऱ्याशी दोन शब्द बोलून ठेवावेत, कारण त्याच्या हरभऱ्यात एकदा शेळी शिरली की संबंध बिघडतात.

कोणती जात, किती शेळ्या

परदेशी चित्रफितींमध्ये दिसणाऱ्या नायजेरियन ड्वार्फ आणि पिग्मी या जातींचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील ठेंगण्या शेळ्यांत आहे आणि त्यांची खांद्यापाशी उंची साधारण ६० सेंटिमीटरच्या आत राहते. आपल्याकडे त्या नावाने जे विकले जाते त्याच्या शुद्धतेची खात्री देणारे कागद सहसा नसतात, आणि कित्येकदा ती नुसती कमी वयाची किंवा उपासमारीने खुरटलेली गावठी करडे असतात. त्या मोहात पडू नये. आपल्या देशात दोन उत्तम लहान जाती आहेत.

पहिली बरबरी. हिचे क्षेत्र उत्तर प्रदेशातील आग्रा, मथुरा, अलीगढ, इटावा या बाजूचे, आणि नाव सोमालियातील बर्बेरा बंदरावरून आले असे मानले जाते. पांढऱ्या अंगावर हरणासारखे तपकिरी ठिपके, आखूड ताठ कान आणि चमकदार डोळे, यांवरून ती ओळखता येते. पूर्ण वाढलेली शेळी २२ ते २५ किलोची, बोकड ३५ ते ४० किलोचा. ती बांधून किंवा गोठ्यात ठेवूनही चांगली राहते, बहुधा जुळी देते आणि पाऊण ते एक लिटर दूध देते. मथुरेजवळच्या मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्थेत, जिची स्थापना १९७९ साली झाली, या जातीवर दीर्घकाळ काम झाले आहे. दुसरी ब्लॅक बेंगॉल. ती आणखी लहान, सुमारे वीस किलोची, आणि दोन-तीन करडे एका वेताला देण्यासाठी प्रसिद्ध आहे. परंतु दूध इतके कमी की तिसऱ्या करडाला बाटलीने पाजावे लागते. शिवाय बंगालहून इतका प्रवास करून आलेली जनावरे इंदूरला पोहोचेपर्यंत खचलेली असतात. माझे मत स्पष्टपणे बरबरीच्या बाजूने आहे.

संख्येबाबत चार शेळ्यांनी सुरुवात करावी. एकटी शेळी कधीही पाळू नये; ती दिवसभर ओरडते आणि खाणे सोडते. चार शेळ्यांना जुळी झाली तर वर्षाअखेरीस गोठ्यात बारा तोंडे होतात, हे गणित सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नाही. गोठा त्या बारा तोंडांसाठी बांधावा.

गोठा

मोठ्या शेळीला छताखाली १० ते १२ चौरस फूट, बोकडाला २० ते २५ आणि करडाला ४ ते ५ चौरस फूट जागा लागते. मोकळे अंगण त्याच्या दुप्पट असावे. चार शेळ्या आणि त्यांची करडे यांसाठी १२ फूट रुंद आणि १६ फूट लांब गोठा पुरतो, आणि त्यातच एका कोपऱ्यात ५ फूट बाय ५ फुटांची विण्याची खोली करता येते.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, त्यामुळे तिच्यात उथळ पुरलेले खांब दोन वर्षांत वाकडे होतात. खांबाचे खड्डे खालचा मुरूम लागेपर्यंत खणावेत. गोठ्याच्या आणि अंगणाच्या जागेवरची वरची माती फूटभर काढून तिथे मुरूम भरावा, धुमसावा, आणि भोवतालच्या जमिनीपेक्षा तो फूटभर उंच ठेवावा. चारही बाजूंनी चर काढून उताराकडे सोडावा. खर्चाचा मोठा भाग इथेच जाईल आणि तो जाऊ द्यावा.

या मुरमावर निजण्यासाठी लाकडी फळ्यांचा माचा करावा. तो जमिनीपासून अडीच ते तीन फूट उंच असावा आणि दोन फळ्यांमध्ये एक ते दीड सेंटिमीटर फट असावी, म्हणजे लेंड्या आणि मूत्र खाली पडते आणि पाय अडकत नाही. फट दोन सेंटिमीटरपर्यंत गेली तर करडाचे खूर त्यात रुतते आणि घाबरून ओढताना पाय मोडतो. माचावर चढण्यासाठी आडव्या पट्ट्या ठोकलेला उतार द्यावा. माचाखाली माणसाला वाकून खोरे चालवता आले पाहिजे, नाहीतर खालचे खत महिनोन्‌महिने तसेच राहते आणि त्याच्या अमोनियाने वरच्या करडांना खोकला लागतो. वाकून माचाखाली तोंड घातल्यावर डोळे चुरचुरले, तर सफाईला उशीर झाला आहे असे समजावे.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे उन्हाळ्यात ऊन आत खोल शिरत नाही आणि थंडीत दक्षिणेचे कोवळे ऊन मिळते. आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येते, म्हणून पश्चिमेची भिंत पूर्ण बंद करावी आणि दक्षिणेला छप्पर तीन फूट पुढे काढून वर तागाचे किंवा ताडपत्रीचे गुंडाळता येणारे पडदे लावावेत. उरलेल्या बाजूंना साडेतीन-चार फुटांपर्यंत भिंत आणि वर जाळी पुरे. पत्रा घातला तर मे महिन्यात त्यावर चुना मारावा किंवा पाचट पसरावे. ‘शब-ए-मालवा’ची, म्हणजे माळव्याच्या गार रात्रीची कीर्ती आपण अभिमानाने सांगतो, परंतु जानेवारीत तीच रात्र नवजात करडाला फार जड जाते. त्या दिवसांत पडदे रात्री सोडावेत, मात्र छपराखालची वीतभर जागा हवेसाठी मोकळी ठेवावी.

सिमरोल, चोरल आणि महूच्या डोंगराळ भागात बिबट्याचा वावर आहे, आणि मोकाट कुत्री सगळीकडेच आहेत. रात्रीचा गोठा वरून, बाजूने आणि दाराने पूर्ण बंद होणारा असावा, आणि कडी अशी असावी की शेळीला ती तोंडाने उघडता येणार नाही. बरबरी कडी उघडायला शिकते. कुंपणाची जाळी चार ते साडेचार फूट उंच आणि शिंगे असलेले डोके आत घुसणार नाही इतक्या बारीक घराची घ्यावी. मोठ्या घरांत डोके अडकून शेळी गुदमरते.

चारा आणि खुराक

शेळी झाडपाला खाणारा प्राणी आहे. गाईसारखे तिला जमिनीवरच्या गवतावर ठेवले तर पोट भरते आणि त्याबरोबर जंतही जातात. म्हणून कुंपणाच्या आतून शेवरी, सुबाभूळ, शेवगा, हादगा आणि दशरथ घास यांच्या रांगा लावाव्यात, बोरी आणि बाभळी असतील तर तोडू नयेत, आणि पाणी असलेल्या तुकड्यात हिवाळ्यासाठी बरसीम आणि बारमाही चाऱ्यासाठी लसूणघास किंवा संकरित नेपियर घ्यावे. सुबाभळीत मायमोसिन नावाचे द्रव्य असते. ती एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त दिली तर केस गळतात आणि गळ्याची गाठ वाढते.

शेळीला दिवसाला वजनाच्या तीन ते चार टक्के कोरडा भाग, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा, लागतो. पंचवीस किलोच्या शेळीचा हिशेब साधारण असा बसतो : दोन ते अडीच किलो हिरवा पाला, ४०० ते ५०० ग्रॅम कुटार, म्हणजे मळणीनंतर उरणारा कडधान्यांचा भुसा, आणि १०० ते १५० ग्रॅम खुराक. माळव्यात सोयाबीन, हरभरा, तूर आणि मसूर यांचे कुटार मुबलक मिळते आणि शेळी ते गव्हाच्या भुशापेक्षा कितीतरी आवडीने खाते, शिवाय त्यात प्रथिनेही अधिक असतात. मळणीच्या वेळी वर्षाचे कुटार एकदम घेऊन कोरड्या, उंच जागी रचावे. बुरशी लागलेले कुटार कितीही थोडे असले तरी देऊ नये.

खुराक घरीच मिसळता येतो. भरडलेला मका ४० भाग, सरकीची पेंड, जिला इथल्या दुकानात कपास्या खली म्हणून मागावे लागते, किंवा सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, ३० भाग, गव्हाचा कोंडा म्हणजे चापड २७ भाग, खनिज मिश्रण २ भाग आणि मीठ १ भाग, असे प्रमाण ठेवावे. गाभण शेळीला शेवटच्या दीड महिन्यात हा खुराक हळूहळू २०० ते २५० ग्रॅमपर्यंत न्यावा, आणि दुधात असताना प्रत्येक लिटरमागे सुमारे ३०० ग्रॅम अधिक द्यावा. नर करडांना मात्र नुसत्या धान्यावर वाढवू नये, त्यांना मूतखडा होतो आणि लघवी अडून ती दगावतात.

एक कळकळीची विनंती आहे. लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात, पोळ्या, किंवा धान्याच्या पोत्यातला सांडलेला गहू प्रेमाने शेळीपुढे ओतू नये. एकदम पोटात गेलेल्या पिठूळ अन्नाने रवंथाच्या पोटात आम्ल तयार होते, शेळी सुस्त होते, पातळ हगते, आणि दुसऱ्या दिवशी मेलेली आढळते. कोणताही नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्यावा. ओला बरसीम सकाळी उपाशीपोटी दिल्याने पोटफुगी होते. आधी कुटार, मग बरसीम, असा क्रम ठेवावा आणि बरसीम कापून दोन-तीन तास सुकवावा. डावी कूस ढोलासारखी फुगलेली दिसली तर शेळीला उभे ठेवावे, पुढचे पाय उंचवट्यावर घ्यावेत आणि लगेच डॉक्टरांना बोलवावे.

नाल्याकाठची बेशरम, घाणेरी, कुंपणाची कण्हेर, एरंडाच्या बिया आणि पाण्याच्या ताणावर असलेली कोवळी ज्वारी ही पाचही विषारी आहेत. कण्हेर शोभेसाठी लावलेली असेल तर शेळ्या येण्याआधी मुळासकट काढावी. तिची थोडी पानेही जीव घेतात.

चारा जमिनीवर टाकू नये. गव्हाण शेळीच्या छातीइतक्या उंचीवर असावी किंवा पाल्याच्या पेंढ्या टांगाव्यात. पाणी दिवसातून दोनदा बदलावे. लेंडी पडलेले पाणी शेळी पीत नाही, तहानलेली राहते, आणि दूध कमी का झाले याचे कारण आपण खुराकात शोधत बसतो.

खरेदी आणि पहिला महिना

बाजारातून न घेता एखाद्या पाळणाऱ्याच्या गोठ्यावर जाऊन घ्यावी, म्हणजे तिची आई, तिची बहीण आणि तिथली स्वच्छताही दिसते. हाटात अनेक गावांची जनावरे एकत्र येतात आणि त्यांचे रोगही. बकरी ईदच्या आधीच्या दोन महिन्यांत भाव चढलेले असतात, तेव्हा पाळण्यासाठी खरेदी करू नये.

दात पाहावेत. पुढचे दोन कायमचे दात साधारण सव्वा ते दीड वर्षाला येतात, चार दात दोन वर्षांच्या सुमारास, सहा तिसऱ्या आणि आठ चौथ्या वर्षी. दोन किंवा चार दाती, एकदा व्यालेली शेळी सुरुवातीला सर्वांत चांगली. सडे दोनच आणि सारखी असावीत, कास दाबल्यावर गाठ लागू नये, शेपटीखालचा भाग स्वच्छ असावा, आणि खालची पापणी उलटून पाहिल्यावर आत लाल-गुलाबी दिसावे. गुडघ्यांवर सूज असलेली किंवा एकदा तरी गर्भपात झालेली शेळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

घरी आणल्यावर पहिले तीन आठवडे ते महिनाभर तिला आधीच्या जनावरांपासून वेगळे ठेवावे. पहिल्या दिवशी गूळ-मीठ घातलेले पाणी आणि फक्त कुटार द्यावे. जुन्या मालकाकडचा थोडा चारा बरोबर आणता आला तर उत्तम. लेंड्यांची तपासणी करून मगच जंताचे औषध, आणि त्यानंतर आठवडाभराने लसी सुरू कराव्यात. महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे ही आपल्या भागाची मोठी सोय आहे. मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर फोन केल्यास फिरते पशुचिकित्सा वाहन मागवता येते. तो क्रमांक गोठ्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

जंत आणि लसी

रक्त पिणारा एक बारीक जंत, हिमोंकस, हा पावसाळ्यातला शेळीचा खरा शत्रू आहे. त्याची अंडी लेंडीतून पडतात, उबदार ओलीत साधारण पाच-सात दिवसांत अळ्या तयार होतात, दवाच्या पाण्यातून त्या गवताच्या पात्यावर दोन-तीन इंच चढतात आणि शेळीच्या तोंडात जातात. हा मार्ग समजला की उपायही आपोआप सुचतात. दव वाळल्याशिवाय शेळ्या सोडू नयेत, म्हणजे पावसाळ्यात अकराच्या आधी नाही. गवत चार इंचांपेक्षा आखूड झाले की तो तुकडा बंद करावा. एका तुकड्यात चार-पाच दिवसांपेक्षा जास्त चारू नये आणि त्याच तुकड्यात निदान दोन महिने परत येऊ नये. संततधारेच्या दिवसांत मात्र पाला माचावरच आणून द्यावा.

दर तीन महिन्यांनी सरसकट सगळ्यांना जंताचे औषध पाजण्याची पद्धत गावोगावी आहे आणि त्यामुळेच औषधे निकामी होत चालली आहेत. त्याऐवजी पावसाळ्यात दर पंधरवड्याला, एरवी महिन्यातून एकदा, प्रत्येक शेळीची पापणी उलटून पाहावी. लाल किंवा गुलाबी असेल तर औषध नको. फिकट किंवा पांढरी असेल, किंवा जबड्याखाली पाण्याची सूज असेल, तर त्याच दिवशी वजन करून, डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा वजनाप्रमाणे द्यावी. अंदाजाने कमी दिलेले औषध जंतांना फक्त सरावाचे करते. टांगता काटा आणि एक झोळी घरात असलीच पाहिजे. गाभणपणाच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये, त्याने गर्भात व्यंग येऊ शकते.

लसींपैकी पी.पी.आर.ची लस तीन-चार महिन्यांच्या वयात एकदा आणि पुढे तीन वर्षांनी द्यावी. ही शेळ्यांची महामारी सगळा कळप नेते, आणि २०३० पर्यंत ती जगातून संपवण्याचे उद्दिष्ट ठरलेले आहे. आंत्रविषाराची लस मे महिन्यात, पहिल्या वर्षी दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस आणि पुढे दरवर्षी, घटसर्पाचीही पावसाआधी, लाळ-खुरकूत वर्षातून दोनदा, देवीची वर्षातून एकदा. दोन लसींमध्ये दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे आणि तारखा एका वहीत लिहाव्यात.

खुरे पावसाळ्यात दर दीड महिन्याला छाटावीत. वाढलेल्या खुराच्या कडेखाली चिखल साचतो आणि तिथेच कुजण्यास सुरुवात होते.

माज, गाभण आणि वेत

पाट, म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी, साधारण १० ते १२ महिन्यांची आणि १५-१६ किलोची झाल्याशिवाय तिला फळवू नये. माज १८ ते २१ दिवसांनी येतो आणि दिवस-दीड दिवस टिकतो. शेपटी सतत हलते, शेळी ओरडते, दूध घटते. गाभणकाळ १४५ ते १५० दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांना थोडा कमी. आता हे पाच महिने पावसाळ्याशी जोडून पाहावेत. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत फळलेली शेळी पावसाळ्यात किंवा भाद्रपदाच्या ओलीत विते, म्हणून त्या काळात बोकड दूर ठेवावा. मेअखेर ते जुलैत फळवल्यास करडे दिवाळीच्या आगेमागे होतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळवल्यास फेब्रुवारी-मार्चमध्ये. या दोन्ही वेळा उत्तम.

चार शेळ्यांसाठी स्वतःचा बोकड परवडत नाही. माजावरच्या शेळीला बरबरीच बोकडाकडे न्यावे, आणि त्या कळपात गर्भपात झालेले नाहीत याची चौकशी करावी. ठेंगण्या शेळीला जमनापारी, सिरोही अशा थोराड जातीच्या बोकडाकडे कधीही नेऊ नये. मोठी करडे होतील आणि भाव जास्त येईल या आशेने लोक हे करतात, आणि विताना करडू अडून आई व करडू दोन्ही जातात. गावात मोकळा फिरणारा थोराड बोकड कुंपणाबाहेरच राहील याची काळजी त्यासाठीच घ्यायची.

विण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी शेळीला वेगळ्या खोलीत, कोरड्या कुटाराच्या अंथरुणावर ठेवावे. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे स्नायू सैल पडले, कास तटतटली आणि ती पाय आपटू लागली की वेळ जवळ आली. पाण्याची पिशवी दिसल्यावर किंवा जोराच्या कळा सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काहीच पुढे सरकले नाही, तर डॉक्टरांना बोलवावे. घरातल्या अनुभवी माणसालाही हात घालू देऊ नये, तेही हातमोज्यांशिवाय तर नाहीच. ब्रुसेलोसिस हा रोग शेळीच्या वारेतून आणि स्रावातून माणसाला होतो. वार बारा तासांत पडावी आणि ती खोल पुरावी, कुत्र्यांना टाकू नये.

करडू बाहेर येताच नाकातोंडातला चिकट स्राव पुसावा आणि पुढचे काम आईला करू द्यावे. ती चाटते त्यानेच त्याचा श्वास सुरू होतो. नाळ दोन बोटे ठेवून कापावी आणि टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवावी. चीक पहिल्या तासाभरात पोटात गेलाच पाहिजे, आणि पहिल्या दिवसात वजनाच्या एक दशांशाइतका, म्हणजे पावणेदोन-दोन किलोच्या करडाला पावशेराच्या आसपास थोडा थोडा करून मिळावा. वार पडण्याची वाट पाहून चीक उशिरा पाजण्याची जुनी समजूत आहे. तिच्यापायी आजही करडे मरतात.

थंडीत गळून पडलेले करडू दिसले तर आधी त्याच्या तोंडात बोट घालावे. तोंड गार लागले आणि ते बोट चोखत नसेल, तर त्याला लगेच दूध पाजू नये. ते फुप्फुसात जाते. टॉवेलने चोळून, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून भोवती ठेवून त्याला ऊब द्यावी, आणि मान उचलून धरू लागले, चोखू लागले, की मग चीक द्यावा. अशा रीतीने वाचलेले एक करडू आज आमच्या कळपातली सर्वांत चांगली शेळी आहे.

तीन आठवड्यांनंतर करडे कोवळा पाला तोंडात घेऊ लागतात, आणि याच वयापासून चार-पाच महिन्यांपर्यंत त्यांना कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म जीवाची हगवण लागते. कोरडा माचा हाच तिच्यावरचा पहिला उपाय. हगवण काळपट किंवा रक्ताची असेल तर डॉक्टरांचे औषध. बरबरीचे नर लवकर वयात येतात, म्हणून ते तीन महिन्यांचे होताच माद्यांपासून वेगळे करावेत किंवा डॉक्टरांकडून खच्ची करून घ्यावेत. बहिणी गाभण राहिल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

दूध आणि खत

करडांचे पोट भरल्यावर उरलेले दूध घरात वापरता येते. ते पूर्ण उकळूनच प्यावे. स्वच्छ कास, कोरडे हात आणि बोकडापासून दूर ठेवलेली शेळी असेल तर दुधाला उग्र वास येत नाही.

माचाखालचे खत मात्र वाया घालवू नये, विशेषतः इंदूरच्या माणसाने. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच शहरातील वनस्पती उद्योग संस्थेत कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, आणि शेळीच्या लेंड्यांना ती फार मानवते. तीन फूट खोल खड्ड्यात, किंवा पावसाळ्यात जमिनीवर ढीग करून, खराब झालेले कुटार आणि पालापाचोळा यांचा वीतभर थर, त्यावर दोन-तीन इंच लेंड्या आणि मूत्राने भिजलेली माती, त्यावर थोडी राख, असे थर रचत जावे आणि प्रत्येक थर पिळल्यावर हात ओला होईल इतकाच भिजवावा. पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग खालीवर करावा. तीन महिन्यांत खत काळे आणि मातीच्या वासाचे होते. फाल्गुनात रचलेला ढीग ज्येष्ठात तयार मिळतो, आणि मृगाचा पाऊस येण्याआधी तो शेवरी-शेवग्याच्या रांगांना बुंध्यापासून हातभर अंतरावर चर काढून द्यावा, म्हणजे त्याच महिन्यात माचावर आणण्यासाठी पाला तयार होऊ लागतो.